सुरतेची स्वारी, जंजिऱ्याचा वेढा आणि आपले सचिन

गेल्या वर्षी उत्सवाच्या पाचव्या दिवशी आपल्या मंडळाच्या मुलांनी ‘सुरतेची स्वारी’ हा छोटा प्रवेश केला, तो बहुतेकांना आठवत असेल. पुठ्ठ्याच्या तलवारी होत्या, जुन्या साड्यांचे काठ कापून केलेले फेटे होते आणि घोड्यांच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या होत्या. टाळ्या भरपूर पडल्या. प्रवेश संपल्यावर मावळा झालेला एक नऊ वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, “काका, पण सुरत तर आपलीच ना? मग आपण आपलंच गाव कसं लुटलं?” आम्ही “चल, आधी मिशी पुसून घे” असे म्हणून वेळ मारून नेली. पुढच्या रांगेत आमचे एक वयस्कर गुजराती शेजारी बसले होते. दरवर्षी ते आरतीला येतात, उकडीचे मोदक मागून घेतात. जाताना हसत हसत म्हणाले, “आमच्या बापजाद्यांची पेढी बुऱ्हाणपुरी भागळेत होती हो. तो हिशोब अजून बाकी आहे, भाऊ!”

गंमत गंमत म्हणून दोन्ही गोष्टी विसरता आल्या असत्या. पण त्या विसरल्या गेल्या नाहीत. आपल्यापैकी कोणाच्या घरी तिसरी पिढी सुरतेत वाढते आहे, कोणाची चौथी. खानदेशातून, कोकणातून, देशावरून आपली माणसे इथे आली. कोणी रेल्वेत लागले, कोणी मागावर, कोणी जीआयडीसीत, आणि आमच्यासारखे काही राज्य सरकारच्या नोकरीत. महाराज आपले आणि सुरतही आपली. मग मुलांना ही हकिकत सांगायची कशी? छाती फुगवून सांगितली तर शेजाऱ्याच्या डोळ्याला डोळा देता येत नाही. गुळमुळीत सांगितली तर महाराजांवर अन्याय होतो. वर्षभर सवड मिळेल तसे वाचन केले, तेव्हा एक तिसरी वाट दिसली. ती म्हणजे युद्धाकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याची. त्या वाटेने जाता जाता आपल्या सचिन गावाचाही इतिहास हाती लागला. तोच इथे मांडतो.

युद्धाचा अभ्यास ही वेगळी विद्या आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तरुण अधिकारी घडतात, पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. अशा ठिकाणी लढाईची गोष्ट ‘कोण शूर, कोण भित्रा’ या चालीवर सांगितली जात नाही. हेतू काय होता, माहिती कोणी आणली, वेळ किती होता, दाणावैरण कुठून आली, परतीची वाट कोणती ठरवली होती आणि कशाला हात लावायचा नाही असे ठरले होते, हे प्रश्न तिथे विचारले जातात. आपल्याकडेही ही दृष्टी नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘आज्ञापत्र’ इ. स. १७१५ च्या सुमाराचे. त्यात किल्ले कसे राखावेत, आरमार कसे पोसावे, टोपीकर व्यापाऱ्यांपासून सावध का राहावे, याची चर्चा एखाद्या अनुभवी कारभाऱ्याने करावी तशी शांतपणे केलेली आहे. आम्ही डिप्लोमावाले. कुठलेही काम समोर आले की आधी अंतर, माणसे, दिवस आणि खर्च कागदावर मांडायची आमची सवय. सुरतेची स्वारीही तशीच मांडून पाहिली.

प्रथम हेतू. १६६० पासून शायिस्तेखान पुण्यात तळ देऊन बसला होता. तीन वर्षे स्वराज्याचा मुलूख मोगली फौजांच्या टाचेखाली होता. शेती उजाड झाली, वसूल थांबला आणि फौज मात्र पोसावी लागली. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालावर छापा पडला आणि खान बोटे गमावून गेला. परंतु रिकामा खजिना काही छाप्याने भरत नाही. दुसरीकडे सुरत हे मोगल बादशाहीचे सर्वांत श्रीमंत बंदर होते. मक्केला जाणारे यात्रेकरू इथूनच गलबतात बसत. इंग्रज आणि डचांच्या वखारी इथेच होत्या. वीरजी व्होरांसारख्या सावकाराचे नाव परदेशी व्यापाऱ्यांच्या कागदोपत्री पानोपानी येते. बंदराची जकात थेट बादशाही खजिन्यात जमा होई. ज्या बादशहाच्या फौजेने मुलूख बुडवला त्याच्याच पेटीतून भरपाई करून घ्यायची, हा हेतू होता.

दुसरी गोष्ट माहितीची. सभासद बखरीत बहिर्जी जाधव या हेराचे नाव येते. सुरत मारल्यास अगणित द्रव्य मिळेल, अशी बातमी त्याने आणली. शहराला त्या वेळी पक्का तट नव्हता. तापीकाठचा किल्ला तेवढा मजबूत होता. सोळाव्या शतकात खुदावंदखानाने पोर्तुगीजांच्या भीतीने तो बांधला. आज चौकबाजारात महापालिकेने दुरुस्त करून ठेवलेला किल्ला तो हाच.

तिसरी गोष्ट हुलकावणीची. ग्रँट डफने लिहून ठेवले आहे की महाराजांनी एक तळ कल्याणजवळ आणि दुसरा दंडा-राजपुरीजवळ पाडला. वसई-चौलच्या पोर्तुगीजांवर तरी जाणार किंवा जंजिऱ्याच्या सिद्दीचा एकदाचा निकाल तरी लावणार, अशी आवई उठू दिली. दंडा-राजपुरी म्हणजे मुरूडजवळचा किनारा. समोर समुद्रात सिद्दीचा जंजिरा. पाहणाऱ्याला हे खरेच वाटणार, कारण सिद्दीशी वैर जुने होते. सर्वांचे डोळे दक्षिणेला लागले आणि चार हजार स्वार नाशिकच्या बाजूने उत्तरेला निघाले. सिद्दीचे हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे आपल्याच गावात त्याची पुन्हा गाठ पडणार आहे.

आता हिशोब. एका घोड्याला दिवसाला आठ किलो दाणावैरण धरली तर चार हजार घोड्यांना ३२ टन लागते. घोड्यामागे २५ लिटर पाणी धरले तर रोज एक लाख लिटर, म्हणजे आपल्या जीआयडीसीत फिरतात तसले दहा हजार लिटरचे दहा टँकर. एवढी फौज परमुलखात एका जागी फार दिवस उभी राहू शकत नाही. तोफा बरोबर घेतल्या तर चाल निम्म्यावर येते. म्हणून तोफा नाहीत, बाजारबुणगे नाहीत. वेग हेच हत्यार. इंग्रजांच्या नोंदींप्रमाणे ५ जानेवारी १६६४ रोजी सकाळी फौज गणदेवीला आल्याची बातमी सुरतेत फुटली आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत महाराजांचा तंबू बुऱ्हाणपूर दरवाजाबाहेरच्या बागेत उभा होता. गणदेवी आणि सुरत यांच्यामध्ये आज आपले सचिन स्टेशन आहे. शहराला सावरायला जेमतेम एक दिवस मिळाला.

त्या एका दिवसात शहराने काय केले? सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. जदुनाथ सरकार लिहितात की पाचशे शिपायांचा पगार हा गृहस्थ सरकारी खजिन्यातून उचलत असे. प्रत्यक्षात शिपाई ठेवलेलेच नव्हते. सरकारी नोकरीतल्या माणसाला हे वाक्य वाचून वेगळाच घाम फुटतो. पगारपत्रकावर पाचशे नावे आणि वेशीवर एक माणूस नाही! सुरत पडली ती तलवारीने पडण्याच्या कितीतरी आधी कागदावर पडली होती. किल्ल्यातून तोफा डागल्या गेल्या, पण त्यांनी शत्रूपेक्षा शहराचेच नुकसान जास्त केले.

महाराजांनी आधी निरोप पाठवला होता. सुभेदाराने आणि बड्या सावकारांनी येऊन खंडणी ठरवावी. उत्तर आले नाही. त्यानंतर चार दिवस शहर लुटले गेले. इथे आपण नजर चुकवू नये. मोठमोठ्या पेढ्या खणून काढल्या गेल्या, वीरजी व्होरांचे घर गेले, आगी लागल्या आणि शहराचा मोठा भाग जळाला. तहाच्या बोलणीच्या मिषाने इनायतखानाने पाठवलेल्या माणसाने महाराजांवर खंजीर उगारला. त्यानंतर कैद्यांची मुंडकी आणि हात तोडले गेल्याचे छावणीत अडकलेल्या एका इंग्रजाने सांगितले. दानधर्माबद्दल नाव असलेल्या मोहनदास पारेखांचे घर आणि कॅपुचिन पाद्र्यांचे मठ राखले गेले, असे बर्नियरने लिहिले आहे. दोन्ही गोष्टी इतिहासात आहेत. आपल्याला सोयीची तेवढी घ्यायची आणि दुसरी गाळायची, हा अभ्यास नव्हे. आमच्या शेजाऱ्यांचा बाकी हिशोब तो हाच.

लष्करीदृष्ट्या आम्हाला सर्वांत मोलाची वाटली ती गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे महाराजांनी काय केले नाही. त्यांनी किल्ला घेण्याचा हट्ट धरला नाही. जॉर्ज ऑक्झेंडन याने इंग्रज वखार सज्ज ठेवली होती, आत माणसे दोनशेच्या आसपास. चार हजार स्वारांना ती घेता आली नसती असे नाही. पण तिच्यात माणसे आणि दिवस खर्ची पडले असते आणि दिवस हेच तर भांडवल होते. मोगली कुमक निघाल्याची खबर येताच १० जानेवारीला सकाळी फौज निघून गेली. कुमक सुरतेत पोचली १७ तारखेला. सात दिवसांचे हे अंतर नशिबाने मिळालेले नाही. ते हेरांनी आणि शिस्तीने मिळवलेले आहे. आणखी दोन दिवस थांबलो तर आणखी दोन पेढ्या सापडतील, हा मोह चार हजार माणसांना आवरायला लावणे ही सेनापतीची खरी कसोटी.

ऑक्टोबर १६७० मध्ये सुरतेवर दुसरी स्वारी झाली. पुरंदरच्या तहात गेलेले किल्ले परत घेण्याचे वर्ष ते. या वेळी फौज सुमारे पंधरा हजारांची होती. मोठी फौज लपत नाही, त्यामुळे परतीच्या वाटेवर दाऊदखान आडवा आला. १७ ऑक्टोबरला वणी-दिंडोरीच्या मैदानात लढाई झाली. लुटीचे ओझे पुढे काढून दिले आणि लढणारी माणसे मागे ठेवून मोगलांना थोपवले. शहरात शिरणे सोपे असते, तिथून घरी सुखरूप येणे अवघड. परतीची लढाई आधी डोक्यात लढून झालेली असेल तरच मैदानात जिंकता येते.

परिणाम दूरवर पोचले. औरंगजेबाला व्यापाऱ्यांची एक वर्षाची जकात माफ करावी लागली. इंग्रज-डचांना पुढेही सवलत मिळाली. शहराला विटांचा तट बांधावा लागला. बादशाही बंदर सुरक्षित नाही ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या मनात बसली. पैसा तलवारीला घाबरत नाही, बेभरवशाच्या कारभाराला घाबरतो, हे आपल्या सुरतेच्या बाजाराला आजही कोणी शिकवायला नको.

आता जंजिऱ्याकडे वळू. सुरतेच्या किल्ल्यापाशी जो संयम दिसला, तो जंजिऱ्यापाशी ठेवणे अवघड होते. सुरत लांबची, जंजिरा उशाशी. सिद्दी कोकणच्या गावांवर उतरत, माणसे पळवून नेत, म्हणून तो काटा काढणे भागच होते. महाराजांनी पुन्हा पुन्हा मोहिमा काढल्या. समोरच्या बेटावर पद्मदुर्ग उभारला. संभाजी महाराजांनी १६८२ च्या सुमारास किनारा आणि किल्ला यांच्यामधली खाडी दगडमातीने बुजवण्याचा धाडसी प्रयत्न केला. पुढे पेशव्यांच्या काळात १७३३ मध्ये रायगड सिद्दीकडून परत आला, १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी रेवसजवळ सिद्दी सातला मारले. सगळे झाले, पण जंजिरा काही हाती आला नाही.

असे का? आमच्या मते उत्तराचा मोठा भाग सुरतेत आहे. १६७१ च्या सुमारास जंजिऱ्याचे सिद्दी विजापूरची चाकरी सोडून मोगलांचे आरमारी सरदार झाले, आणि त्या आरमाराचा तनखा सुरतेच्या उत्पन्नातून मिळू लागला. म्हणजे वेढा मुरूडला आणि खजिना सुरतेला. जमिनीवरच्या किल्ल्याला चारी बाजूंनी वेढता येते, दाणापाणी तोडता येते. समुद्रातल्या किल्ल्याची मागची बाजू म्हणजे सगळा अरबी समुद्र. ती बंद करायला मजबूत आरमार लागते आणि शत्रूला पैसा येतो तो झराही आटवावा लागतो. मराठ्यांची दोन्ही बाजूंची पकड एकाच वेळी पुरेशी घट्ट कधी बसली नाही. शौर्यात कमतरता नव्हती. ज्या शत्रूचे पोट शंभर कोस दूर भरते, त्याला तटापाशी उपाशी मारता येत नाही.

अखेर तलवारीने जे झाले नाही ते पुण्यात कागदावर करून पाहिले गेले. जंजिऱ्याच्या गादीवरून सिद्दींमध्ये भाऊबंदकी पेटली. वारसदार अब्दुल करीमखान, ज्यांना बाळूमियां म्हणत, यांना सिद्दी जोहरने बाहेर काढले. बाळूमियां पेशव्यांच्या आश्रयाला आले. नाना फडणवीसांचा तो काळ. १७९१ मध्ये करार झाला: बाळूमियांनी जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना लिहून द्यावा आणि त्याबदली सुरतेजवळचा मुलूख घ्यावा. तो मुलूख म्हणजे मंडळी, आपले सचिन. बाळूमियां सचिनचे पहिले नवाब झाले. गंमत अशी की हक्क कागदावर मिळाला तरी जंजिरा पेशव्यांच्या ताब्यात आलाच नाही. सिद्दी जोहरने तो सोडला नाही. सचिन मात्र कायमचे सिद्दींचे झाले. जंजिरा आणि सचिन ही दोन्ही संस्थाने पुढे १९४८ सालीच मुंबई राज्यात विलीन झाली. १ मे १९६० पासून एक महाराष्ट्रात, एक गुजरातमध्ये.

म्हणजे पाहा, १६६४ मध्ये ज्या सिद्दीच्या नावाची हूल देऊन महाराज सुरतेवर आले, त्याच सिद्दीच्या वंशजाला सव्वाशे वर्षांनी मराठ्यांनी सुरतेच्या वेशीवर जहागीर देऊन बसवले. शत्रू, शेजारी, आश्रित, नवाब अशा सगळ्या भूमिका त्याच माणसांच्या वाट्याला आल्या. आपण रोज ज्या स्टेशनात उतरतो, ज्या नावाचा पत्ता रेशनकार्डावर लिहितो, ते गाव संस्थान झाले ते एका फसलेल्या वेढ्याच्या तडजोडीतून.

तर त्या नऊ वर्षांच्या मावळ्याला आता काय सांगायचे? आम्ही असे सांगू: बाळा, तेव्हा सुरत बादशहाची पेटी होती आणि आपला मुलूख त्या बादशहाने तीन वर्षे जाळला होता. महाराजांनी ती पेटी फोडली. नीट माहिती काढून, मोजकी माणसे घेऊन, ठरलेल्या दिवशी परत फिरून फोडली. म्हणून जगभरची माणसे ती मोहीम अजून अभ्यासतात. पण पेटीत बादशहाचे होते तसे साध्या माणसांचेही होते. घरे जळाली ती त्यांची. कारण त्यांच्या रक्षणाचा पगार घेणारा माणूस किल्ल्यात लपला होता. लढाई नीट अभ्यासली की दोन गोष्टी एकदम कळतात: जिंकणाऱ्याची बुद्धी आणि भोगणाऱ्याचे दुःख. त्यातली एकच कळली तर अभ्यास अर्धवट राहिला.

या वर्षी प्रवेशाऐवजी मुलांकडून एक मोठा नकाशा करून घेण्याचे ठरले आहे. कल्याण, दंडा-राजपुरी, नाशिक, गणदेवी, सचिन, सुरत, दिंडोरी आणि जंजिरा अशी ठिकाणे. प्रत्येक ठिकाणी तारीख, माणसे, अंतर. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना चौकबाजारचा किल्ला दाखवायला न्यायचे, तेही वह्या-पेन्सिली घेऊन. नकाशाचे उद्घाटन आमच्या त्या शेजाऱ्यांच्या हस्ते करायचे आहे. आम्ही विचारायला गेलो तेव्हा ते म्हणाले, “येतो की. पण त्या नकाशावर बुऱ्हाणपुरी भागळसुद्धा दाखवा.” दाखवणार आहोत. गणराय विद्येचे दैवत आहे. त्याच्यासमोर हिशोब पुरा मांडलेला बरा.

गणपती बाप्पा मोरया!